पंपाच्या पुढे

गावातल्या निम्म्या लोकांना मास्तरांनी गाडी चालवायला शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्यांना रस्ता जपून ओलांडायला. पहिल्या शिक्षणाची फी होती, दुसरं फुकट होतं.

मास्तर मोटार ड्रायव्हिंग शाळेत शिकवायचे. शाळा म्हणजे एक खोली, एक टेबल, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता आणि दारात एक पांढरी गाडी. गाडीच्या टपावर शाळेची पाटी होती आणि पुढेमागे लाल अक्षर. ते बघून गावातली कुत्रीसुद्धा फुटपाथवर चढत. गाडीत पेडलं दोन ठिकाणी होती. शिकणाऱ्याच्या पायाशी तीन आणि शेजारच्या सीटवर मास्तरांच्या पायाशी दोन. मास्तरांकडे क्लच आणि ब्रेक. रेस द्यायचं पेडल त्यांच्या बाजूला नव्हतंच. गाडी पुढे नेण्याची हौस शिकणाऱ्याला असते, मास्तरने ती फक्त आवरायची, असा ती पेडलं बसवणाऱ्याने विचार केला असावा. मास्तर हे काम इतकं मनापासून करत की गावाने त्यांचं नावच ब्रेकमास्तर ठेवलं. ते नाव त्यांना माहीत होतं. वर वर ते चिडत, आतून सुखावत.

तासाचा रस्ता ठरलेला होता. शाळा, कोर्ट, दवाखाना, पाण्याची टाकी, पेट्रोलपंप. पंपाला वळसा घालून परत. पंपाच्या पुढेही रस्ता होता, हे नक्की, कारण तिकडून गाड्या येत. पण पुढे काय आहे असं कोणी विचारलं की मास्तर म्हणत, "पुढे घाट आहे. आधी वळसा नीट घ्या."

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती गावात फक्त दोघांना माहीत आहे, अशी मास्तरांची समजूत होती. मास्तरांना गाडी चालवायची भीती वाटायची.

ह्यामागे एखादा जुना अपघात असेल, कोणाचा तरी जीव जाता जाता वाचला असेल, असं वाटणं साहजिक आहे. तसं काही नव्हतं. त्यांना साधा ओरखडासुद्धा आलेला नव्हता. शाळेत लागल्यावर ते शेजारच्या सीटवर बसले, आणि बसलेच. सुरुवातीला अधूनमधून संध्याकाळी गाडी शेडमध्ये लावायला स्टिअरिंगवर बसत. मग एकदा कंटाळा आला म्हणून शाळेच्या मिस्त्रीला सांगितलं. मग रोजच मिस्त्रीला सांगायला लागले. भीती पोटभाडेकरूसारखी आली. आधी म्हणाली, चार दिवस राहते. मग तिने गॅलरी बंद करून घेतली. एके दिवशी मास्तर सहज स्टिअरिंगपुढे बसले, तर पायांचे तळवे ओले झाले आणि तीन पेडलं पाहून डोकं गरगरलं. ते खाली उतरले, दार लावलं आणि मिस्त्रीला म्हणाले, "क्लच जरा जड वाटतोय, बघून ठेव." मिस्त्रीने क्लच बघितला. क्लच उत्तम होता. मग मिस्त्रीने मास्तरांकडे बघितलं, आणि तेव्हापासून सकाळी गाडी दारात आणून ठेवायची आणि संध्याकाळी घेऊन जायची, हे काम तो न सांगता करू लागला.

ड्रायव्हिंग शिकवणारा माणूस शेजारच्याच सीटवर दिसतो, त्यामुळे कोणाला संशय यायचं कारण नव्हतं. पेट्रोल भरायला गाडी शिकणारेच आत घेत, "हा अभ्यासक्रमाचा भाग आहे." एकदा एक शिकाऊ गृहस्थ कोर्टासमोर भर रस्त्यात गाडी सोडून रडत घरी गेले. तेव्हा मास्तर पुढच्या तासाचा विद्यार्थी शोधत येईपर्यंत शांतपणे गाडीत बसून राहिले होते. लोकांना वाटलं, केवढा धीराचा माणूस.

मास्तरांची लेक जनावरांची डॉक्टर झाली आणि घाटापलीकडच्या शहरात राहायला गेली. अठरा वर्षांची झाली तेव्हा ती मागे लागली होती, बाबा, मला गाडी शिकवा. मास्तर म्हणाले, घरच्यांना शिकवायचं नाही असा शाळेचा नियम आहे. शाळेला असा नियम नव्हता. शाळेला वेळेवर फी भरण्यापलीकडे कुठलाच नियम नव्हता. पण गिऱ्हाईक दिलेल्या तासात स्वतः चालवायला बघतं. मुलगी म्हणाली असती, "तुम्ही आधी चालवून दाखवा ना." त्या एका वाक्याला मास्तरांकडे ब्रेक नव्हता.

त्या लेकीचा एका रविवारी फोन आला.

"बाबा, नापास."

"कशात?"

"ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये. दुसऱ्यांदा. चढावर थांबवून परत सुरू करायची होती. गाडी मागे गेली आणि साहेबांच्या स्कूटरला लागली."

"साहेब होते स्कूटरवर?"

"नाही. शेजारी उभे होते. बघत."

मास्तरांनी डोळे मिटले. हात आपोआप कपाळावर गेला आणि उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला.

भानगड अशी होती, की तिला फिरत्या दवाखान्यात नोकरी मिळाली होती. गाडी आणि औषधांची पेटी घेऊन खेड्याखेड्यांतून जनावरं तपासत फिरायचं. शाळेत असल्यापासून तिला हेच करायचं होतं. पण महिनाअखेरपर्यंत लायसन्स दाखवलं नाही तर नोकरी यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती.

"इथल्या ड्रायव्हिंगच्या सरांकडे नाही जमणार मला," ती म्हणाली. "ते ओरडतात हो. त्यांच्या गाडीला तुमच्यासारखी पेडलं नाहीत, नुसता आवाज आहे. तुम्ही या, तुमची गाडी घेऊन. तुम्ही शेजारी असलात तर येईल मला. नाहीतर मी कळवून टाकते त्यांना, की नाही जमत."

"मी बसने येतो."

"बसमध्ये शिकवणार का मला?"

मास्तर म्हणाले, "बघतो." बघतो म्हणजे नाही, हे ती लहानपणापासून ओळखून होती. ती फक्त "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. ती भांडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

गाडी मिळण्यात अडचण नव्हती. शाळेच्या मालकांनी चारपाच दिवस खुशाल न्या म्हणून सांगितलं. अडचण मिस्त्रीची होती. तो बल्ब बदलताना स्टुलावरून पडला होता आणि त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता.

"अहो, मिस्त्रीचा पाय मोडला म्हणे," बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली.

"हो का."

"मग गाडी कोण नेणार?"

मास्तरांनी पेपर उलटा धरला होता, तो सुलटा केला. "कोण म्हणजे? मीच."

"हं," बायको म्हणाली. तिने एका शर्टाची घडी घातली, मोडली आणि पुन्हा घातली. "मी आपली उद्या बसने पुढे जाते पोरीकडे. तुम्ही या गाडी घेऊन. सावकाश या. आणि हे बघा, एकटे नका येऊ. कोणाला तरी बरोबर घ्या."

मास्तरांनी पेपरावरून हळूच तिच्याकडे बघितलं. ती घड्या मोजण्यात गुंतलेली होती. म्हणजे गोष्ट तिघांना माहीत होती. किती वर्षांपासून, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर आलं, पण उत्तर मिळेल म्हणून त्यांनी विचारलं नाही.

कोणाला तरी बरोबर घ्या, ह्याचा विचार करताना त्यांना एकच नाव सुचलं. सकाळच्या पहिल्या तासाच्या बाई.

बाई शाळेत भूगोल शिकवून रिटायर झाल्या होत्या. गावातल्या निम्म्या लोकांना नद्या आणि पर्वत त्यांनी पाठ करायला लावले होते. मास्तरांची लेकही त्यांच्याच हाताखालून गेलेली. ह्या वयात गाडी शिकायचं कारण त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: त्यांना बस लागायची. इतकी, की जन्मभर भूगोल शिकवून त्या स्वतः जिल्ह्याबाहेर फारशा गेल्या नव्हत्या. स्वतः चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. शिकाऊ म्हणून त्या बऱ्या होत्या. एकच खोड, प्रश्न फार विचारत. मागे जायच्या गिअरला आर का म्हणतात, पुढच्या गाडीतला माणूस आत्ता काय विचार करत असेल, पंपाला वळसा डावीकडूनच का.

"बाई," मास्तर सोमवारी सीटचा पट्टा लावत म्हणाले, "आज जरा लांबचा तास घेऊ या का?"

"किती लांब?"

"घाटापलीकडे. लेक टेस्टमध्ये दोनदा नापास झालीय, तिला शिकवायला जायचंय."

बाईंनी आनंदाने क्लच सोडला आणि गाडी बंद पडली.

कायद्याने ह्यात काही गैर नव्हतं. शिकाऊ माणूस शेजारी शिक्षक घेऊन कुठेही जाऊ शकतो. शहाणपणाचं काय, ते कायद्यात लिहिलेलं नसतं. मास्तरांचा हिशेब सोपा होता: बाई गाडी पुढे नेतील, आपण थांबवू, म्हणजे सगळं रोजच्यासारखंच. रस्ता तेवढा लांब.

पंप आला. सवयीने बाईंनी वळशाचा दिवा लावला. मास्तर म्हणाले, "सरळ." हा शब्द त्यांच्या तोंडून इतका चमत्कारिक निघाला की दोघंही दचकली. पंपावरच्या माणसाने हात वर केला होता, तो तसाच राहिला.

पंपाच्या पुढे एक लाकडाची वखार होती. मग एक बंद पडलेला कारखाना. मग एका घराच्या भिंतीवर कोणीतरी मोठा निळा मासा रंगवला होता. आसपास पाण्याचा थेंब नव्हता.

"हा मासा इथे का?" बाई म्हणाल्या.

"समोर बघा." पण मास्तर स्वतः मान वळवून माशाकडेच बघत होते. शाळेपासून दहा मिनिटांवर हा मासा होता आणि आपल्याला पत्ता नाही!

घाट सुरू झाला. बाई दुसऱ्या गिअरवर, जीव मुठीत धरून पण हसऱ्या चेहऱ्याने चढत होत्या. मागे ट्रकांची रांग लागली होती. मास्तरांचा पाय ब्रेकवर अलगद टेकलेला होता. उजवीकडे दरी होती, पण ती बाईंच्या बाजूला होती.

"मास्तर, एक विचारू? तुमच्या बाजूला रेसचं पेडल नाही?"

"नाही."

"म्हणजे तुम्हाला तिथून गाडी पुढे नेता येत नाही?"

"नाही. थांबवता येते."

"म्हणजे इतकी वर्षं तुम्ही नुसती थांबवताय?"

"शिकवतोय," मास्तर म्हणाले. "आरशात बघा."

बाईंनी आरशात बघितलं, एका ट्रकला पुढे जाऊ दिलं आणि म्हणाल्या, "मग चालवलीत कधी शेवटची?"

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. खिडकीबाहेर डोंगराची कापलेली भिंत होती, हातभर अंतरावर. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ते बराच वेळ बघत राहिले.

"उत्तर येत नसलं की पोरं खिडकीबाहेर बघतात," बाई म्हणाल्या. "माझं सगळं आयुष्य त्यातच गेलंय."

घाटाच्या माथ्याच्या जरा अलीकडे, तापलेल्या गाड्या निवायला थांबवतात तशी एक सपाट जागा होती. बाईंनी दिवा लावून, आरशात बघून, अगदी पुस्तकात आहे तशी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं. मग खाली उतरल्या, गाडीला वळसा घालून मास्तरांच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि काचेवर बोटाने टकटक केलं.

मास्तरांनी काच खाली घेतली. "काय झालं?"

"उतरा. मला तिथे बसायचंय."

"इथे?"

"पहिल्या दिवसापासून मनात आहे. शेजारी बसून दुसऱ्याची गाडी थांबवायला कसं वाटतं, ते बघायचंय मला."

"बाई, हा काय पोरखेळ आहे? मला... हे बघा, मी चालवत नाही."

सांगून टाकलं. घाटात, भर उन्हात, एका शिकाऊ बाईला. सांगितल्यावर काहीच झालं नाही. एक ट्रक गेला.

"भीती वाटते?"

"हो."

मास्तरांना वाटलं, आता बाई म्हणतील, अहो घाबरायचं काय त्यात. ते ऐकण्याची त्यांनी तयारीही केली. पण बाईंनी दाराच्या चौकटीला हात टेकला आणि दुर्मीळ दगड सापडल्यासारखं विचारलं, "कुठे वाटते? पोटात की छातीत?"

आजवर हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी विचार करून सांगितलं, "आधी पायाच्या तळव्यात."

"अस्सं. आणि मग?"

"मग वाटतं, ही गाडी माझं ऐकणार. मी म्हणेन तिकडे जाणार. तेच वाईट आहे. शिकणाऱ्याचं चुकलं तर शेजारी मी असतो. माझं चुकलं तर शेजारी कोण?"

"मी."

"तुम्हाला येत नाही अजून!"

"चालवायला येत नाही. थांबवायला काय यायचंय? तुम्हीच सांगितलंत, दोनच पेडलं आहेत." बाईंनी दार उघडलं. "आणि तुमची लेक वाट बघतेय ना? वर्गात मी काही विचारलं की त्या पोरीचा हात पहिला वर. उत्तर चुकलं तरी हात वरच. तिला दोनदा नापास झाल्यावर कसं वाटत असेल हो?"

ती फोनवर नुसती "बरं" म्हणाली होती, ते मास्तरांना आठवलं. ते उतरले. गाडीला पुढून वळसा घातला. पंपाच्या वळशापेक्षा हा वळसा फार लांब वाटला. स्टिअरिंगपुढे बसले, तेव्हा सीट बाईंच्या उंचीची होती आणि मास्तरांचे गुडघे हनुवटीशी आले. सीट मागे घेण्यात थोडा वेळ गेला. मग पट्टा लावण्यात. मग आरसा. मग दुसरा आरसा. मग काच पुसायचं फडकं शोधण्यात.

"काच स्वच्छ आहे," बाई म्हणाल्या.

तळवे ओले झाले होते. मास्तरांनी चपला काढल्या. गाडी सुरू केली. क्लच दाबला, गिअर टाकला, क्लच सोडला, आणि उजवा पाय ब्रेकवर घट्ट दाबून धरला. गाडी आचका देऊन बंद पडली. उजव्या पायाला ब्रेकच्या पलीकडे आणखी काही असतं हे ठाऊकच नव्हतं. त्याला हाताने धरून तिकडे न्यायची वेळ आली.

मास्तरांना एकच भाषा येत होती, तीच त्यांनी वापरली. ते मोठ्याने म्हणाले, "क्लच पूर्ण दाबा. पहिला गिअर. आरशात बघा. आता थोडी रेस. थोडी! क्लच हळू... हळू सोडा. घाई कसली आहे तुम्हाला?"

"मला म्हणताय?"

"मला म्हणतोय."

गाडी हलली. ती पुढे गेली, आणि पुढे नेणारे आपण आहोत हे लक्षात येताच मास्तरांच्या तोंडून "अरे!" निघालं. रस्त्यावर आली, दुसरा गिअर पडला, पहिलं वळण आलं. दरी आता मास्तरांच्या बाजूला होती. आणि गाडी कचकन थांबली.

"काय झालं? कोण आडवं आलं?"

"कोणी नाही," बाई म्हणाल्या. "मी दाबून बघितला."

"का?"

"वळण होतं."

पुन्हा क्लच, पुन्हा गिअर. पुढच्या वळणावर पुन्हा कचकन. त्याच्या पुढच्या वळणावर वळण यायच्या आधीच.

"बाई! मला दिसतंय वळण!"

"मला काय माहीत तुम्हाला दिसतंय ते?" बाईंचा चेहरा उजळला होता. "आणि एक गंमत सांगू? मला मळमळायला लागलं होतं. ब्रेक दाबला की थांबतं. तुम्हाला हा शोध केव्हा लागला?"

"पाय काढा तिथून!"

"तुम्ही तुमचा पाय काढला होतात कधी? चौकात तुम्ही दाबलात तेव्हा सिग्नल हिरवा होता. तेव्हापासून विचारीन म्हणतेय."

मास्तरांनी काहीतरी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात चौथं वळण आलं. त्यांनी त्वेषाने, बाईंच्या पायाच्या आधी, स्वतःच वेग कमी केला, स्टिअरिंग वळवलं आणि गाडी लोण्यासारखी काढली. मग पाचवं. त्यांना इतका राग आला होता, की घाबरायला सवड उरली नव्हती. इतक्या वर्षांत किती लोकांनी ह्या सीटवर बसून हा राग गिळला असेल? ते कोर्टासमोर रडत गेलेले गृहस्थ... त्यांना बहुतेक गाडीची भीती नव्हतीच.

माथा आला आणि पलीकडची बाजू उघडी झाली. बाईंच्या तोंडून आवाज निघाला.

"काय दिसतंय?" मास्तरांनी विचारलं. मान वळवायची सोय नव्हती.

"तुम्ही समोर बघा. मी सांगते." बाई खिडकीला चिकटल्या. "नदी आहे. नकाशात होती तिथेच आहे." ह्यात त्यांची जरा निराशा झालेली दिसली. "पण रंग नकाशातला नाही. मी पोरांना निळा द्यायला लावायचे. ही तांबडी आहे, मास्तर. चक्क तांबडी! किती जणांचे गुण कापले मी..."

उतार लागला तसे बाईंचे पाय थंडावले. भीती गेली म्हणून नाही. नदीत लक्ष लागलं म्हणून.

लेकीच्या दारात गाडी थांबली तेव्हा ती आणि तिची आई, दोघी फाटकाशीच होत्या. लेकीने आधी टपावरची पाटी बघितली, मग स्टिअरिंगमागे, अनवाणी, घामाघूम बाप.

"बाबा, तुम्ही आणलीत?"

मास्तरांनी बाईंकडे बघितलं. बाईंकडून खोटं बोलण्याची अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता.

"आणली त्यांनी," बाई उतरत म्हणाल्या. "थांबवत मी होते."

बायकोने गाडीतून मास्तरांच्या चपला काढल्या आणि त्यांच्या पायांपुढे ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक गाडीपाशी उभी राहिली आणि, जे वाक्य येणार हे मास्तरांना कित्येक वर्षं ठाऊक होतं, ते अखेर आलं.

"तुम्ही आधी चालवून दाखवा ना."

जवळच एक चढ होता. मास्तरांनी मध्यावर गाडी थांबवली आणि पुन्हा सुरू करायला गेले. गाडी मागे आली. चांगली दोन हात. मागे, सुदैवाने, कोणाची स्कूटर नव्हती. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारी त्यांची लेक पोट धरून हसत होती.

"तुमचीपण जाते?"

"जाते की."

"आणि मला वाटायचं माझीच जाते!" ती खाली उतरून त्यांच्या बाजूला आली. "सरका. आता मला द्या."

मास्तर शेजारच्या सीटवर गेले. पायापाशी दोन पेडलं होती, ओळखीची, गुळगुळीत झालेली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि पाय मागे सीटखाली ओढून घेतले. पाय दोनदा आपणहून पुढे आले. दोनदा त्यांनी ते परत बोलावले. गाडी एकदा मागे गेली, एकदा बंद पडली, आणि मग चढली. वर रस्त्याला दोन फाटे होते.

"कुठे घेऊ?" लेकीने विचारलं.

पंपापर्यंत, असं मास्तर म्हणणार होते. पण इथला पंप कुठे आहे, त्यांना माहीत नव्हतं. "घे कुठेही," ते म्हणाले. "बघू तरी."

शुक्रवारी टेस्ट झाली. साहेबांनी स्कूटर ह्या वेळी बरीच लांब, एका झाडामागे लावली होती. त्याची गरज पडली नाही. सोमवारी औषधांची पेटी घेऊन लेक पहिल्या खेड्यात गेली. तिथल्या म्हशीने तिला लाथ मारली. ते मात्र ड्रायव्हिंगच्या अभ्यासक्रमात येत नव्हतं.

बायको आणखी चार दिवस लेकीकडे राहणार होती. बाई बुधवारीच परतल्या होत्या, चक्क बसने. ड्रायव्हरच्या मागची पहिली जागा धरून त्या संपूर्ण घाट त्याला प्रश्न विचारत गेल्या आणि त्यांना अजिबात लागली नाही. ड्रायव्हरचं काय झालं, ते कळलं नाही.

तेव्हा शनिवारी मास्तर एकटेच निघाले. शेजारची सीट रिकामी. त्यांनी ब्रेक दाबला की पलीकडचं पेडलही आपोआप खाली जाई, जणू कोणी तिथे बसलंय. पहिल्यांदा ते बघून त्यांच्या तळव्यांना घाम आला. आधी पाय, असं त्यांनी मनात नोंदवलं. आता पोट. हं. आता जरा कमी झाली. बाईंना सांगायला हवं. असं भीतीवर लक्ष ठेवता ठेवता माथा कधी मागे गेला ते कळलंच नाही.

घाट उतरल्यावर एक फाटा लागला. जाताना तो दिसलाच नव्हता, कारण त्या वेळी बाई स्टिअरिंगवर होत्या आणि मास्तरांचं सगळं लक्ष ब्रेकमध्ये होतं. सरळ रस्ता गावाकडे, पंपाकडे जात होता. फाट्यावर पाटी नव्हती, पण कडेच्या एका पडक्या भिंतीवर निळ्या रंगात एक मासा काढलेला होता. तसाच. फक्त लहान. त्याचं तोंड फाट्याच्या दिशेला होतं.

मास्तरांनी गाडी बाजूला घेतली. माशाकडे बघितलं. सरळ रस्त्याकडे बघितलं. मग दिवा लावला, आरशात बघितलं आणि फाट्याला वळले.

अर्ध्या तासाने त्यांनी एका पुलाजवळ गाडी थांबवली होती आणि ते उतरून वाकून खालचं पाणी बघत होते, तेव्हा मालकांचा फोन आला. "अहो मास्तर, इथे तीन शिकाऊ खोळंबलेत! पोचलात कुठवर? पंपाशी?"

"नाही."

"मग कुठे आहात?"

मास्तरांनी आजूबाजूला बघितलं. पूल होता, पुलापलीकडे रस्ता चढत गेला होता, आणि वळणावरच्या एका घराच्या भिंतीवर, लांबून नीट दिसत नव्हतं, पण निळं काहीतरी होतं.

"माहीत नाही हो," ते म्हणाले, आणि चपला काढून गाडीत बसले. "कळलं की सांगतो."